हातातला आरसा

रविवारी सकाळी तोरणमाळला जायचे ठरते. आदल्या रात्रीच पुऱ्या तळून झालेल्या असतात, पाण्याचे कॅन भरलेले असतात, आणि नंदुरबारच्या एखाद्या वसाहतीतल्या अंगणात गाडी धुऊन-पुसून उभी असते. शहाद्यापर्यंत मी चालवते, असे वहिनी म्हणतात. त्यांनी रीतसर शिकून परवाना काढला आहे. भाऊ हसतात, किल्ली पुढे करतात. वहिनी बसतात तेव्हा आसन भाऊंच्या उंचीला लावलेले असते. क्लचपर्यंत पाय जेमतेम पोचतो. आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी गाडीचे छत दिसते. पण वहिनी आसन सरकवत नाहीत, आरशाला हात लावत नाहीत. कशाला? शहाद्याला पुन्हा हे बसतील, आरसा हलला म्हणून कुरकुर करतील. त्यापेक्षा मान उंच करून बसले की भागते. शेजारच्या आसनावर काकू बसतात आणि दीड वर्षाचे बाळ त्यांच्या मांडीवर. पुढे बसले की त्याला रस्ता दिसतो, ते रडत नाही.

घराघरांतले हे दृश्य. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. असते ती फक्त सवय. गाडी घराची असली तरी तिची मांडणी एकाच माणसाच्या मापाची असते, आणि बाकीच्यांनी तिच्यात मावून घ्यायचे असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोटार नावाची वस्तू नुकतीच रांगू लागली होती, तेव्हा एका तरुण इंग्रज बाईने या सवयीला हात घातला होता. बायकांनी मोटार चालवावी, आपल्या सोयीने चालवावी आणि चालवताना मागचा रस्ता पाहायला हातात एक आरसा ठेवावा, असे तिने सांगितले. तिचे नाव डोरोथी लेव्हिट. तिच्या काळात ते विलायतेच्या वर्तमानपत्रांत सतत झळकत असे. आज गाडीच्या आरशात रोज पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांना ते ठाऊक नाही.

कचेरीतून कारखान्यात

डोरोथीचा जन्म ५ जानेवारी १८८२ चा, लंडनच्या हॅकनी भागातला. घराणे ज्यू, जन्मनाव एलिझाबेथ लेवी. पुढे ती प्रसिद्धीला आली तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचे वेगळेच चित्र उभे राहिले: इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या बड्या घरची, घोड्यांची आवड असलेली मुलगी. प्रत्यक्षात ती पोटासाठी कचेरीत काम करणारी मध्यमवर्गीय मुलगी होती. विसाव्या वर्षाच्या आसपास लंडनच्या नेपिअर मोटार कारखान्यात ती सेक्रेटरी म्हणून काम करत होती. तिथेच तिचे नशीब पालटले.

नेपिअरच्या मोटारी खपवण्याचे काम सेल्विन एज या माणसाकडे होते. एज मूळचा ऑस्ट्रेलियाचा, स्वतः नामांकित शर्यतपटू आणि जाहिरातीच्या बाबतीत पक्का व्यापारी. फ्रान्समध्ये बायका मोटारशर्यतीत उतरल्या आहेत, मग इंग्लंडमध्ये का नको, असा त्याचा हिशेब. गाडी एखाद्या तरुणीने सहज हाकून दाखवली तर ती कुणालाही हाकता येईल, हे गिऱ्हाइकाला वेगळे सांगावे लागत नाही. त्याने डोरोथीला निवडले आणि कारखान्यातल्याच एका तरुणाला तिला शिकवायला बसवले. नंतर तिला पॅरिसला धाडले. तिथल्या मोटार कारखान्यात काही महिने राहून ती गाडी चालवायला शिकलीच, पण ती खोलायला आणि जोडायलाही शिकली.

तेव्हाची मोटार म्हणजे काय प्रकरण होते, हे आज ध्यानात येणे कठीण. वर छप्पर नाही, पुढे काच नाही. सुरू करायची तर पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून जोर लावून फिरवायचे. ते उलटे फिरले तर मनगट मोडायचे. वंगणाकडे, ठिणगीकडे, हवेच्या प्रमाणाकडे चालवतानाच लक्ष ठेवायचे. म्हणून गाडीच्या धन्याबरोबर बहुधा एक पगारी मिस्त्री असे. डोरोथीचा कटाक्ष मिस्त्रीवाचून चालवण्यावर होता. जी बाई स्वतः बिघाड ओळखू शकते, तिला कुणाच्या मेहरबानीवर रस्ता कापावा लागत नाही, हे तिचे साधे गणित होते.

१९०३ साली ती मोटारशर्यतीत उतरली. शर्यतीत गाडी चालवणारी पहिली इंग्रज स्त्री म्हणून तिचे नाव नोंदले गेले. साऊथपोर्टच्या स्पर्धेत तिने आपल्या गटात बाजी मारली, तेव्हा सभ्य समाजाच्या भुवया उंचावल्या. बाई शर्यतीत उतरते हे एक, आणि ती उमरावाची लेक नसून कचेरीत नोकरी करणारी आहे हे दुसरे. त्याच वर्षी जुलैमध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात मोटारबोटींची पहिली हार्म्सवर्थ शर्यत झाली. नेपिअरच्या बोटीचे सुकाणू डोरोथीच्या हाती होते. बोट जिंकली, पण करंडकावर नाव कोरले गेले ते बोटीच्या मालकाचे, म्हणजे एजचे. बाईने हाकावे आणि नाव धन्याचे लागावे, हे आपल्याकडे शेतापासून दुकानापर्यंत कुणाला नवे आहे?

नोव्हेंबरमध्ये हाइड पार्कमध्ये गाडी जोरात पळवली म्हणून तिच्यावर खटला भरला गेला आणि ५ पौंड दंड झाला. तिची मोटार चालवण्याची कीर्ती मात्र राजवाड्यापर्यंत पोचली. राणी अलेक्झांड्रा आणि राजकन्या यांना मोटार शिकवणारी म्हणून तिचे नाव घेतले जाते.

लंडन ते लिव्हरपूल

१९०५ च्या मार्च महिन्यातली तिची सफर विशेष गाजली. ८ अश्वशक्तीची छोटी द दिऑन गाडी घेऊन ती सकाळी सातला लंडनहून निघाली आणि संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर लिव्हरपूलला पोचली. अंतर सुमारे ३३० किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर नंदुरबारहून निघून, नाशिक मागे टाकून, कसारा घाट उतरून पुढे जाण्याइतके. दुसऱ्या दिवशी ती परतही आली. तोवर कुण्या बाईने एवढा लांबचा पल्ला मारल्याची नोंद नव्हती. मिस्त्री बरोबर नव्हता. होता तो एक अधिकृत निरीक्षक, तिचा डोडो नावाचा केसाळ पॉमेरेनियन कुत्रा आणि एक पिस्तूल. एकट्या बाईने वाटेवर स्वतःचे रक्षण करण्याची तयारी ठेवावी, हे तिचे मत पुढे तिच्या पुस्तकातही आले. त्यावेळी इंग्लंडमध्ये मोटारीला ताशी २० मैलांची मर्यादा होती. त्या मर्यादेत राहून दिवसभरात एवढी मजल मारायची म्हणजे विसाव्याला सवड थोडीच.

योगायोग असा की भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून सुझान टाटा यांचे नाव सांगितले जाते, ते याच १९०५ सालच्या संदर्भात. रतनजी दादाभाई टाटा यांच्या या फ्रेंच पत्नी, जे. आर. डी. टाटा यांच्या मातोश्री. म्हणजे बाईच्या हाती मोटारीचे चाक ही गोष्ट आपल्याकडे अगदीच कालची नाही. ती मोठ्या घरांतून साध्या घरांत उतरायला मात्र बराच काळ गेला.

त्या उन्हाळ्यात ब्रायटनच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर डोरोथीने ८० अश्वशक्तीची नेपिअर ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने पळवली. पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, ब्लॅकपूलला तिने ताशी १४६ किलोमीटरचा टप्पा गाठला. या दुसऱ्या वेळी गाडीच्या तोंडावरचे झाकण सैल होऊन उडायच्या बेतात आले होते. ते उडते तर थेट तिच्यावर आदळते. ती थोडक्यात बचावली. पट्टा नाही, हेल्मेट नाही, पुढे काच नाही, अंगावर धुळीचा लांब कोट आणि टोपीवर बांधलेला जाळीचा रुमाल. त्या वेषात जगातली सर्वांत वेगवान स्त्री म्हणून तिची छायाचित्रे छापली गेली.

आसनाखालचा खण

मात्र डोरोथीची खरी कामगिरी वेगाची नव्हे. वेगाचे विक्रम मोडण्यासाठीच असतात, आणि तिचेही मोडले. तिचे टिकलेले काम १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकात आहे. स्त्री आणि मोटार हाच त्या पुस्तकाचा विषय आणि तेच त्याचे नाव. वर्तमानपत्रात ती मोटारीवर स्तंभ लिहीत असे, त्यातून ते आकाराला आले. गाडी कशी निवडावी, खर्च किती येतो, हँडल कसे धरावे म्हणजे मनगट सलामत राहील, बिघाड कुठे शोधावा, कपडे कोणते घालावेत, असा सगळा प्रपंच त्यात आहे. ज्या बाईने कधी पाना हातात धरलेला नाही तिला समोर बसवून सांगावे, अशी त्याची धाटणी.

त्यात चालकाच्या आसनाखालच्या एका खणाचे वर्णन येते. डोरोथीच्या मते गाडीतला तो सगळ्यात गुपिताचा खण. हातमोजे, रुमाल, टाचण्या, पावडर, थोडे चॉकलेट आणि एक लहान आरसा, असा तिथला ऐवज. वाचणाऱ्याला वाटावे, चला, आली शेवटी बाई आरसा-पावडरीवर! पण इथेच ती वाचकाला चकवते. आरसा धुळीने माखलेला चेहरा पाहायला आहेच; पण चालवताना तो हाताशी ठेवावा आणि गर्दीच्या रस्त्यात अधूनमधून उंच धरून मागून काय येते आहे ते पाहावे, असे ती सांगते. आरसा फार लहान नको, आणि त्याला मूठ असावी म्हणजे धरायला बरे, हेही सांगायला ती विसरत नाही.

या एका सूचनेचे मोल कळायला जरा टांग्याकडे वळावे लागेल. आपल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पाहायला जाणाऱ्यांना ठाऊक असते, की घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. टांग्याला जुंपताना झापडे लावतात ती त्यासाठीच. टांगेवाल्याचा कान मोकळा असतो. मागून येणारी टाप, घुंगरू, हाळी त्याला ऐकू येते. रस्त्याचा वेगही बेताचा. मोटार आली आणि हे दोन्ही आधार एकदम गेले. घोडा गेला, आणि इंजिनाच्या आवाजात मागचे काही ऐकू येईना. वेग मात्र कैकपटीने वाढला. मागे पाहावे तर मान वळवावी लागते, आणि मान वळवली की पुढचे दिसत नाही. या पेचातून डोरोथीने सोडवणूक केली ती कारखान्यातल्या अभियंत्याच्या कागदावर नव्हे, तर घरातल्या, बाईच्या हातातल्या वस्तूने.

पुढे १९११ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. इतर गाड्यांत मागे लक्ष ठेवायला शेजारी मिस्त्री बसला होता. रे हॅरून हा गडी एकटाच बसला आणि त्याने समोर आरसा ठोकून घेतला. तो जिंकला, आणि आरशाच्या इतिहासात त्याचे नाव पक्के झाले. मग १९२१ साली एल्मर बर्जर याने मोटारीच्या आरशाचे पेटंट घेतले आणि तो बाजारात आणला. पाठोपाठ येणारा पोलीस दिसावा, ही त्याच्या आरशाच्या जाहिरातीची गंमत. डोरोथीने पेटंट घेतले नव्हते. तिने फक्त भगिनीवर्गाला एक युक्ती सांगितली होती. युक्ती सांगणाऱ्याचे नाव विसरले जाते. यंत्र विकणाऱ्याचे राहते.

अंधारातला शेवट

पुस्तक निघाले त्याच सुमारास डोरोथीला आकाशाची ओढ लागली. फ्रान्समध्ये जाऊन ती विमान चालवायला शिकू लागली. पण १९१० नंतर तिचे नाव वर्तमानपत्रांतून जवळजवळ पुसलेच जाते. जिचे प्रत्येक पाऊल छापून येत असे, ती बाई पुढची बारा वर्षे कुठे होती, काय करत होती, याचा माग लागत नाही. १७ मे १९२२ रोजी लंडनच्या अपर बेकर स्ट्रीटवरच्या एका घरात ती अंथरुणात मृतावस्थेत सापडली. वय अवघे चाळीस. लग्न झालेले नव्हते. हृदयविकार होता, गोवर आलेला होता आणि मॉर्फीनची मात्रा अधिक झाली होती. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. मागे राहिलेली पुंजी दोन-सव्वादोनशे पौंडांची.

मागचा रस्ता पाहायला जगाला शिकवणारी ही बाई. पण जगाने मागे वळून तिच्याकडे पाहिले नाही. कितीतरी दशकांनी मोटारींचा आणि स्त्रियांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिला पुन्हा उजेडात आणले.

आपल्या अंगणात

डोरोथीच्या काळी चालकाने गाडीच्या मापाचे व्हायचे असे. आज गाडी चालकाच्या मापाची होते. आसन पुढे-मागे आणि काही गाड्यांत वर-खालीही होते, चाक कलते, आरसे बटणावर फिरतात. महागड्या गाड्यांत तर प्रत्येकाची बैठक आणि आरसे लक्षात ठेवणारी बटणे असतात. एक दाबले की भाऊंची मांडणी, दोन दाबले की वहिनींची. साध्या गाडीत हे बटण नसते, पण हात तर असतात! सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

क्रम मात्र पाळावा. आधी आसन. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि छाती व चाक यांच्यात निदान वीतभर, पंचवीस सेंटिमीटर, अंतर हवे. मग पाठ आणि चाक. आरसे सर्वांत शेवटी, कारण आसन हलले की नजरेची जागा बदलते आणि आधी लावलेले आरसे फुकट जातात. आतल्या आरशात मागची काच पुरती दिसावी. बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची जेमतेम कड दिसावी, बाकी रस्ता. बाहेरचे आरसे बहुधा फुगीर असतात. त्यात जास्त जागा मावते, पण येणारे वाहन असते त्यापेक्षा लांब भासते. आणि इतके करूनही बाजूचा एक पट्टा कुठल्याच आरशात येत नाही. नवापूरकडे कोंडाईबारी घाटात ट्रकच्या रांगेतून बाहेर पडताना मोटारसायकलवाला नेमका त्याच पट्ट्यात असतो. तिथे क्षणभर मान वळवण्याला पर्याय नाही.

आणखी एक जागा आरशात दिसत नाही: गाडीच्या मागच्या टोकाला अगदी चिकटून असलेली जमीन. अंगणातून गाडी मागे घेताना तिथे चेंडू शोधायला वाकलेले मूल असू शकते. गाडीत बसण्याआधी एक फेरी मारावी, मुले कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहावे, मगच किल्ली फिरवावी.

आता काकूंच्या मांडीवरचे बाळ. डोरोथीच्या जमान्यात यावर उत्तरच नव्हते. मुलांच्या सुरक्षेसाठी खास आसने १९६० च्या दशकात पुढे आली, आणि खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा १९५९ मध्ये. तोवर मांडी हेच आसन. पण मांडीचा हिशेब कधी केला आहे का? ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशाला तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे बाळ त्या क्षणी सुमारे १४० किलोच्या ओझ्यासारखे पुढे खेचले जाते. पोत्यामागून पोते उचलणाऱ्या हमालाच्या हातांनाही ते धरवणार नाही. काकूंची माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. शिवाय पुढे एअरबॅग असेल तर मोठ्या माणसाला वाचवणारा तो फुगा मुलाच्या जिवावर उठू शकतो.

म्हणून मुलाची जागा मागच्या आसनावर, त्याच्या मापाच्या खुर्चीत. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. त्याची खुर्ची निदान पहिले सव्वा वर्ष, जमल्यास त्याहून अधिक काळ, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवावी. मोठ्या मुलाला उंचवटा देणारे आसन द्यावे, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही हेच सांगतो: चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बालासनाने बांधले नाही तर १,००० रुपये दंड. चार वर्षांखालच्या मुलाला मोटारसायकलवर नेताना चालकाशी जोडणारा पट्टा, मुलाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले. खुर्चीची किंमत साध्या घराला परवडेलच असे नाही. पण दोन बहिणींची, शेजारच्या दोन घरांची मुले एकामागून एक वाढतात. पाळणा फिरतो, तशी खुर्चीही फिरू शकते. फक्त ती अपघातात सापडलेली नसावी आणि तिचे पट्टे धड असावेत.

तेव्हा पुढच्या रविवारी वहिनींनी आधी आसन ओढून घ्यावे. मग हात वर करून आरसा आपल्या डोळ्यांना लावावा. शहाद्याला भाऊ बसतील तेव्हा भाऊंनी तो आपल्यासाठी फिरवावा. त्यात कुरकुरण्यासारखे काही नाही. बाळ मागे आपल्या खुर्चीत असेल. पहिल्या दिवशी रडेल, चौथ्या दिवशी झोपेल. आणि रस्त्याच्या एखाद्या वळणावर वहिनींची नजर आरशाकडे जाईल, मागचा रस्ता स्वच्छ दिसेल, तेव्हा हॅकनीच्या एका मुलीने कधीकाळी हातात धरलेला आरसाच त्यांच्यासमोर टांगलेला असेल.